तरवडाची साल आणि ताटलीतले वर्तुळ

नवरात्रात घटावर तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ चढवणाऱ्या या जिल्ह्यात तरवड म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. सोलापूरहून नान्नजकडे निघाले, की मुरमाड माळावर ऐन मे महिन्यात, पारा ४२ अंशांपुढे गेलेला असताना, जी मोजकी झुडपे हिरवी उभी दिसतात त्यांत तरवड असतोच. रानातील औषधी वनस्पतींच्या अँटिऑक्सिडंट आणि जंतुरोधक गुणांवर बोलण्यासाठी आपण मला बोलावले आहे. विषय मोठा आहे, म्हणून आज बहुतेक वेळ मी या एकाच झुडपापाशी थांबणार आहे.

वनस्पती ही रसायने स्वतःसाठी बनवते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. कडक उन्हात पाण्याची चणचण भासू लागली, की झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटून घेते; त्यामुळे पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येईनासा होतो. ऊन मात्र पानावर पडतच राहते, आणि हरितद्रव्याने पकडलेल्या ऊर्जेला नेहमीची वाट न मिळाल्याने तिचा काही भाग ऑक्सिजनकडे वळून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी घातक द्रव्ये पेशीतच तयार होऊ लागतात. त्यांना आवर घालण्याच्या कामात फ्लॅवोनॉइड आणि इतर पॉलिफिनॉल ही झाडानेच बनवलेली द्रव्ये उपयोगी पडतात; हाच त्यांचा अँटिऑक्सिडंट गुण. सालीतील टॅनिन या तुरट द्रव्याचे काम वेगळे आहे; ते बुरशी, किडे आणि चरणारी जनावरे यांना दूर ठेवते. आपण ज्याला औषधी गुण म्हणतो, तो मुळात या माळावर तग धरण्याचा खटाटोप आहे.

हा गुण प्रयोगशाळेत कसा मोजतात, ते पाहण्यासारखे आहे. डीपीपीएच नावाचे एक गडद जांभळे रसायन मिळते. ते स्वतःच एक स्थिर मुक्त मूलक, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणू आहे. सावलीत वाळवून भरड केलेल्या सालीचा मिथेनॉलमधील अर्क त्यात थेंब थेंब सोडला, की अर्कातील द्रव्ये त्या इलेक्ट्रॉनला जोडीदार पुरवतात आणि जांभळा रंग फिका पडत पिवळ्यावर येतो. नळी अर्धा तास अंधारात ठेवून ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंग किती उतरला ते मोजायचे आणि शेजारी क जीवनसत्त्वाची नळी तुलनेसाठी ठेवायची. तरवडाच्या सालीचा अर्क रंग झपाट्याने उतरवतो. विद्यार्थ्यांनी हे पहिल्यांदा पाहिले, की त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो मलाही दरवर्षी नवा वाटतो.

पण नळीतला रंग उतरणे आणि शरीरातला आजार उतरणे यांत फार अंतर आहे. पॉलिफिनॉलांपैकी बरीचशी आतड्यातून जेमतेम शोषली जातात, आणि जी शोषली जातात त्यांचे रूप यकृत लगेच बदलते. शिवाय अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले, हा समजच चुकीचा आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. बाजारात डब्यावर अँटिऑक्सिडंट असे छापून रानपाल्याची भुकटी विकली जाते, तेव्हा मला ही चाचणी आठवते.

जंतुरोधक गुणाचे मोजमाप आणखी जपून वाचावे लागते. आगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवण्यासाठीच्या जेलीसारख्या थराच्या, ताटलीवर जिवाणू सारखे पसरायचे, अर्कात भिजवलेली सहा मिलिमीटरची कागदी चकती त्यावर ठेवायची आणि ताटली रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी पाहिले, तर दुधट थराच्या मध्ये चकतीभोवती काचेसारखे स्वच्छ वर्तुळ दिसते. सुरुवातीच्या काळात असेच एक मोठे वर्तुळ पाहून मी निष्कर्ष लिहून मोकळा झालो होतो. नंतर नुसत्या मिथेनॉलची चकती ठेवून पाहिली, तर तिच्याभोवतीही जवळजवळ तेवढेच वर्तुळ आले. चकती नीट वाळवलीच नव्हती. वहीतले ते पान मी अजून जपून ठेवले आहे आणि नव्या विद्यार्थ्याला आधी तेच दाखवतो.

चकतीची चूक टाळली, तरी मात्रेचा प्रश्न उरतोच. जेंटामायसिन हे प्रतिजैविक स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या नेहमीच्या चाचणी-वाणाला मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत रोखते. वनस्पतींच्या अर्काबाबत मात्र पाच मिलिग्रॅमला, म्हणजे पाच हजार पट मात्रेला, परिणाम दिसला तरी तो उत्तम म्हणून लिहिला जातो. माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यात ही मात्रा गाठायची, तर २५ ग्रॅम शुद्ध अर्क एकाच वेळी रक्तात उतरावा लागेल, आणि ते होणे नाही. ई. कोलायसारख्या जिवाणूंना तर बाहेरून आणखी एक आवरण असते. त्यांच्या ताटलीवर वर्तुळ अनेकदा उमटतही नाही.

मग सालीचा उपयोग नाही का? आहे, पण तो कुठे, हे टॅनिनच सांगते. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते. म्हणून तरवडाची आणि बाभळीची साल पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावण्यासाठी वापरली गेली, आणि म्हणूनच साल चघळली तर तोंड कोरडे पडून तुरट लागते. ताटलीतही ते बहुधा असेच जिवाणूंच्या प्रथिनांना चिकटते. त्यामुळे गुळण्यांसाठी किंवा वरवरच्या जखमेसाठी, जिथे अर्क थेट जागेवर लावता येतो, तिथे पुढची तपासणी करणे मला सयुक्तिक वाटते. मात्र घरचा काढा पाण्यात होतो आणि आमचा अर्क मिथेनॉलमध्ये. दोन्हींत उतरणारी द्रव्ये सारखी नसतात. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे वनस्पतीतील औषध शोधताना चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना उकळण्याची पद्धत सोडून कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरावा लागला, तेव्हा कुठे ते द्रव्य टिकले. त्या कामाला २०१५ मध्ये नोबेल मिळाले.

ओळखीतली चूक तर सगळ्या मोजमापावर पाणी फिरवते. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी, अशी शक्यता मांडली. वाद काहीही असो, फुलाफळासह दाबून वाळवलेला नमुना जपून ठेवला असेल, तरच अशा प्रश्नाचे उत्तर देता येते.

आमच्या पुढच्या कामात एकाच झुडपाची साल मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा घेऊन तुलना करायची होती. कडक उन्हात पॉलिफिनॉल वाढतात का, हे त्यातून कळले असते. साल सर्व बाजूंनी सोलली तर झुडूप मरते, म्हणून प्रत्येकाची बोटभर पट्टीच काढली आणि फांदीला क्रमांकाची पत्र्याची चकती बांधली. सप्टेंबरात परत गेलो, तेव्हा पडीक म्हणून नोंद असलेला तो माळ यंत्राने सपाट केलेला होता. चकत्यांपैकी दोन मातीत सापडल्या. मे महिन्याचे आकडे वहीत आहेत. त्यांच्या शेजारचा रकाना रिकामा आहे.