उन्हाने येणारा पूर

[दृश्य : पहाट. झिंगझिंगबारजवळचा नाला. गोट्यांमधून उथळ पाणी वाहत आहे.]

मराठवाड्यातील माणसाला पूर कसा येतो हे समजावून सांगावे लागत नाही. आभाळ भरून येते, वरच्या अंगाला कुठे तरी जोराचा पाऊस होतो आणि आठ महिने कोरडी पडलेली नदी घटकाभरात दुथडी वाहू लागते. मनालीहून लेहकडे जाणाऱ्या रस्त्यावर मात्र पूर येतो तो आभाळ निरभ्र असताना, आणि तो आणते ऊन. सकाळी सहा वाजता ज्या नाल्यात घोटाभर पाणी असते, त्याच नाल्यात दुपारी तीनच्या सुमारास ते गुडघ्याच्या वर चढते. कारण माथ्यावरचा बर्फ उन्हे चढतील तसा वितळत जातो आणि ते पाणी रस्त्यापर्यंत उतरायला दुपार होते. रात्री वरचे सगळे पुन्हा गोठते, ओघ आटतो आणि पहाटे नाला शांत होतो. या रस्त्याने सायकलीवर निघालेल्या माणसाने पहाटे किती वाजता उठायचे, हे त्यामुळे त्याच्या उत्साहावर अवलंबून राहत नाही.

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, लातूर आणि नांदेड येथील अकरा सायकलस्वार जुलैच्या पहिल्या आठवड्यात सचखंड एक्स्प्रेसने निघाले. नांदेडच्या हुजूर साहिबहून अमृतसरला जाणारी ही गाडी म्हणजे मराठवाड्याची पंजाबकडे जाण्याची सवयीची वाट. सायकली पुठ्ठ्याच्या खोक्यांत बांधून सामानाच्या डब्यात चढवल्या होत्या. वाटेतल्या स्थानकांवर यात्रेकरूंसाठी वाटला जाणारा लंगर गाडीतल्या सर्वांनाच मिळतो, त्यामुळे घरून बांधून दिलेले धपाटे अंबाल्याला उतरताना निम्मे शिल्लक होते. प्रस्तुत निवेदकाने सायकल चालवली नाही, तो कॅमेरा घेऊन सोबतच्या गाडीत बसला होता, हे आधीच सांगितलेले बरे.

मनाली ते लेह हे अंतर जुन्या रस्त्याने सुमारे ४७५ किलोमीटर भरते, म्हणजे साधारण संभाजीनगर ते नागपूर. मंडळींपैकी निम्म्यांनी एवढे अंतर सपाटीवर दोन-तीन दिवसांत काटलेले होते, आणि सहा महिने दर रविवारी म्हैसमाळचा चढ चढून त्यांनी पायही तयार केले होते. म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या थोडे वर आहे आणि आपल्याकडे तेवढ्यालाच थंड हवेचे ठिकाण म्हणतात. मनाली त्याच्या दुप्पट उंचीवर आहे आणि तिथे प्रवास सुरू व्हायचा होता. त्यामुळे आयोजकांनी आखलेले दहा दिवसांचे वेळापत्रक पाहून पहिली कुरबूर झाली ती अंतर फार असल्याची नव्हती, फार कमी असल्याची होती.

मार्गदर्शक रोहतांग खिंडीपलीकडच्या लाहूल खोऱ्यातला तरुण होता. वयाने तो गटातील बहुतेकांपेक्षा लहान असला तरी सगळे त्याला ‘भैया’ म्हणत आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे ऐकू लागले. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून मोटारगाड्या रोहतांग खिंडीवर न चढता नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट लाहूलमध्ये उतरतात. भैयाने सायकलींसाठी जुनाच रस्ता ठेवला होता. मढीला ३,३०० मीटरवर एक मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी ३,९७८ मीटरची रोहतांग खिंड ओलांडायची आणि रात्री झोपायला पुन्हा ३,१०० मीटरवर सिस्सूला उतरायचे. दिवसा उंचावर जावे आणि रात्री खाली झोपावे, ही डोंगरातील जुनी रीत शरीराला सावरायला वेळ देते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण वरही २१ टक्केच असते; कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासातून रक्ताला मिळणारा प्राणवायू घटतो. ही तूट भरून काढायला शरीराला जे दिवस लागतात, ते पायांच्या ताकदीने कमी होत नाहीत.

रोहतांगच्या अलीकडे देवदार आणि ढग आहेत. पलीकडे चंद्रा नदीचे मोकळे, करडे खोरे लागते. तांदी येथे भागा नदी चंद्रेला मिळते आणि पुढे तिला चंद्रभागा म्हणतात. तीच पुढची चिनाब. पुलावर सायकली उभ्या करून सगळ्यांनी हात जोडले. दर आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला जाणाऱ्या परभणीच्या ताई मात्र बराच वेळ कठड्याशी थांबल्या आणि मग एवढेच म्हणाल्या, ‘‘इथं वाळवंट नाही.’’

जिस्पा ३,२०० मीटरवर आहे. तिथला दुसरा दिवस विश्रांतीचा होता. जालन्याचे काका बियाण्यांच्या व्यवसायात आहेत आणि त्यांची स्वतःची कोरडवाहू शेतीही आहे. लाहूलच्या बियाण्याच्या बटाट्याला देशभर मागणी असते हे त्यांना ठाऊक होते, त्यामुळे विश्रांतीचा तो दिवस त्यांनी बटाट्याच्या सऱ्या पाहण्यात घालवला. संध्याकाळी त्यांनी घरी फोन लावला. पाऊस नव्हता, सोयाबीन उगवून माना टाकत होते आणि दुबार पेरणीची चर्चा सुरू झाली होती. जिस्पाच्या पुढे मोबाइलचा भरवसा नाही, तेव्हा पुढचे काही दिवस काकांना ही चिंता मनातच ठेवावी लागली.

[दृश्य : पात्सेओचा तळ. भर दुपारी तंबू लागले आहेत. माणसे रिकामी बसली आहेत.]

जिस्पाहून निघाल्यावर अवघ्या वीसेक किलोमीटरवर, पात्सेओला, भैयाने थांबायला सांगितले. घड्याळात साडेअकरा वाजले होते. नांदेडचे दोन तरुण एकेका दिवसात दोनशे किलोमीटर चालवणारे. त्यांना हा अपमान वाटला. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दररोज पाचशे मीटरहून फारशी वाढवू नये, हा डॉक्टरांनी घालून दिलेला दंडक आहे आणि पात्सेओ ३,८०० मीटरवर आहे. अनेक सहली एक दिवस वाचवण्यासाठी हा मुक्काम गाळतात आणि स्वस्तही पडतात. माझ्या मते सहल निवडताना दराच्या आधी मुक्कामांच्या उंच्या विचाराव्यात.

प्रत्येक सकाळी आणि संध्याकाळी भैया सर्वांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे वहीत उतरवून घेत असे. हे यंत्र कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचले, त्यामुळे ते वाचायला कोणाला शिकवावे लागले नाही. उलट ते विसरायला शिकवावे लागले. चार हजार मीटरवर धडधाकट माणसाचा आकडाही ८५ च्या आसपास असू शकतो. घरी हा आकडा दिसला असता तर रुग्णवाहिका बोलावली असती.

झिंगझिंगबारचा नाला पहाटेच्या उजेडात ओलांडायचा होता. अलीकडच्या वर्षांत बऱ्याच नाल्यांवर पूल झाले असले तरी काही ठिकाणी पाणी अजून रस्त्यावरूनच वाहते. लाहूलमधील एका नाल्याला तर ‘पागल नाला’ असेच नाव आहे. बूट काढून पाण्यात उतरू पाहणाऱ्यांना भैयाने अडवले, कारण त्या पाण्यात अनवाणी पाय मिनिटभरात बधिर होतात आणि मग दगड जाणवत नाही. सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची, म्हणजे पाणी ती आपल्याच पायांवर लोटत नाही. एक पाऊल रोवायचे, पुढच्या पावलाने चाचपायचे, ते टेकले की मागचे उचलायचे. ताई पलीकडे पोहोचल्या तेव्हा त्यांच्या चेनवर बर्फाची पापडी धरली होती. आदल्या दुपारी चार वाजता याच जागी एका मालमोटारीचे मागचे चाक अडकलेले आम्ही पाहिले होते.

भागेचा उगम असलेला सूरजताल मागे टाकून सगळे बारालाचा खिंडीवर, सुमारे ४,८९० मीटरवर, पोहोचले. तिथे वाऱ्यामुळे कोणालाच फार वेळ थांबावेसे वाटले नाही. रात्रीचा मुक्काम सरचूला होता.

सरचूविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. हा माळ ४,२९० मीटरवर, हिमाचल आणि लडाखच्या सीमेवर आहे. उंचीचा त्रास वाढला तर रुग्णाला खाली न्यावे, याहून खात्रीचा इलाज नाही. पण सरचूच्या दक्षिणेला बारालाचा आहे आणि उत्तरेला पाच हजार मीटरहून उंच लाचुलुंगला खिंड. थोडक्यात, तिथून खाली यायचे तर आधी वर चढावे लागते. लातूरचे सर त्या रात्री जेवले नाहीत. दोनदा उलटी झाली. भैयाने त्यांना तंबूबाहेर नेऊन बॅटरीच्या उजेडात टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालायला सांगितले आणि चौथ्याच पावलाला त्यांचा तोल गेला. मेंदूवर सूज येऊ लागल्याची ही खूण आहे. भैयाने त्यांना ताबडतोब प्राणवायूचा सिलिंडर लावला, आणि मी गाडीतले सामान उतरवेपर्यंत गादी अंथरून झाली होती. रात्रीच खाली निघण्याचा एक फायदा त्याने मला गाडी सुरू करता करता सांगितला : नाले या वेळी उतरलेले असतात. उजाडता उजाडता गाडी बारालाचा ओलांडून उतारावर होती आणि सकाळी सर केलाँगच्या रुग्णालयात होते.

डोके जिस्पापासूनच दुखत होते, हे त्यांनी तिथे कबूल केले. ‘‘डोकं दुखायलंय म्हटलं असतं तर गाडीत बसवतेल, म्हणून बोललो नाही.’’ दोन दिवसांत ते पूर्ण बरे झाले आणि खालच्या खालीच परतले. त्यांनी लातूरहून आणलेली पाच किलो तूरडाळ मात्र आमच्याबरोबर लेहपर्यंत आली. सरचूला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास उकळूनही शिजत नाही. स्वयंपाकी कुकरच्या सहा-सात शिट्ट्या काढत असे. तंबूत बसून त्या शिट्ट्या मोजताना प्रत्येकाला सरांची आठवण होई, पण कोणी ती काढत नसे.

गाटा लूप्समध्ये २१ वळणे आहेत. अवजड मालमोटारी चढू शकतील अशा बेताने हा रस्ता आखलेला असल्यामुळे चढ उभा नाही. कन्नडच्या घाटात दम खाणारा माणूसही इथे चढू शकतो, फक्त अर्ध्या वेगाने. एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. बर्फात बंद पडलेल्या मालमोटारीजवळ राहिलेला एक क्लीनर पाण्यावाचून मेला आणि तो आजही येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाणी मागतो, अशी कथा चालक सांगतात. म्हणून प्रत्येक जण तिथे बाटली ठेवतो. भुताखेतांवर विश्वास नसलेल्या मंडळींचा हा गट होता. पण २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरची जी दोन माणसे उरली होती, त्यांनी काही न बोलता आपापल्या बाटल्या तिथे ठेवल्या.

रस्त्याच्या कडेने डांबर पसरणारी, खडी फोडणारी माणसे सर्वत्र दिसतात. सीमा रस्ते संघटनेसाठी काम करणाऱ्या या मजुरांपैकी पुष्कळ जण झारखंडच्या दुमका भागातून उन्हाळ्यापुरते येतात. बर्फ पडू लागण्यापूर्वी त्यांना परतायचे असते. दसऱ्यानंतर कोयते घेऊन कारखान्यांकडे निघणाऱ्या बीडच्या टोळ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. आम्ही प्राणवायू मोजत सायकल चालवत होतो आणि त्याच हवेत ती माणसे घमेली उचलत होती. हा विचार सुखाचा नव्हता, आणि चित्रीकरण करताना मी कॅमेरा त्यांच्यावर फार वेळ ठेवला नाही.

पांगच्या वर एक चढ संपला की अचानक चाळीसेक किलोमीटर लांबीचे सपाट पठार लागते. त्याचे नाव मोरे मैदान आहे. ‘‘हे कोणत्या मोऱ्यांचं शिवार म्हणायचं?’’ असे नांदेडच्या एका तरुणाने विचारले आणि चार दिवसांनी सगळे मोकळेपणाने हसले. दुपारनंतर समोरून सुटलेल्या वाऱ्याने ते हसू पुसून टाकले. सपाटीवर ताशी आठ किलोमीटरचा वेग टिकवणे कठीण झाले. दुसऱ्या सकाळी तांगलांगला. सुमारे ५,३०० मीटर उंचीच्या या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. दहापैकी नऊ जण चालवत वर आले. एक गाडीत आला आणि त्यात कमीपणा आहे असे आता कोणालाच वाटत नव्हते.

लेहला ते त्यानंतरच्या दुपारी पोहोचले. बाजारात छायाचित्रे काढली, जिलेबी खाल्ली. या चित्रफितीचा शेवट मात्र आदल्या संध्याकाळी रुमत्सेत झाला.

[दृश्य : रुमत्से. कितीतरी दिवसांनी दिसलेली हिरवी शेते.]

लडाख हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहे, मराठवाडा सह्याद्रीच्या. आपल्याकडे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी टँकर लागतात. लेहला जेमतेम १०० मिलिमीटर पडतो. तिथली शेती पावसाची वाट पाहत नाही. बर्फाचे पाणी दगडी पाटांनी शेतांपर्यंत आणलेले असते, आणि पाण्याच्या पाळ्या सांभाळायला गाव आपल्यातलाच एक माणूस नेमते. त्याला छुरपोन म्हणतात; आपल्या कालव्यावरच्या पाटकऱ्यासारखा, फक्त त्याला रोज गावाच्या तोंडावर उत्तर द्यावे लागते.

रस्त्यालगतच्या जवाच्या शेतात एक म्हातारी पाणी देत होती. दुपारभर वितळलेले पाणी पाटातून भरभरून येत होते. चिखलाचे ढेकूळ आणि चपटा दगड सरकवून ती एका वाफ्याचे तोंड बंद करी आणि पुढचे उघडी. जालन्याचे काका सायकल आडवी टाकून बांधावर उभे राहिले. तिची भाषा त्यांना येत नव्हती आणि त्यांची तिला. पाट पुढे एका जागी फुटला आणि पाणी रस्त्याकडे धावू लागले, तेव्हा म्हातारी दूर होती. काकांनी बूट न काढताच पाटात पाय घातला, ढेकूळ ओढून फट बुजवली, टाचेने दाबली, आणि पाणी वळले की नाही ते पाहत वाकून उभे राहिले. म्हातारीने लांबूनच पुढच्या वाफ्याकडे हात केला.

अंधार पडेपर्यंत काका दारे धरत होते.