बाळंतपणानंतरची सायकल: आधी बैठक, मग अंतर

बाळंतपणानंतर सायकल कधी सुरू करावी, या प्रश्नाला ‘सहा आठवड्यांनी’ असे ठरलेले उत्तर मिळते. त्याला आधार आहे. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण तेवढा काळ लागतो आणि डॉक्टरांची तपासणीही त्याच सुमारास होते. मात्र तपासणी झाली की अनेक जणी गरोदरपणापूर्वीच्या मापाने लावलेल्या सायकलवर बसतात आणि त्रास झाला की दोष स्वतःच्या शरीराला देतात. माझे म्हणणे असे की, अंतराचा विचार नंतर करावा. आधी बैठक, म्हणजे सीट आणि हँडलची मांडणी, बदलावी.

सायकल चालवताना पावलांना धावण्यासारखे हादरे बसत नाहीत, त्यामुळे ती धावण्यापेक्षा लवकर सुरू करता येते, हे खरे. परंतु प्रसूतीत जो भाग फाटतो किंवा जिथे टाके पडतात, नेमका तिथेच सीटचा दाब येतो. हँडल खाली आणि लांब असेल, तर कंबर पुढे कलते आणि बसण्याच्या दोन हाडांवरचा भार सरकून त्याच नाजूक भागावर येतो. म्हणून हँडल थोडे वर व जवळ घ्यावे आणि हाडांना पुरेशी रुंद, शक्यतो मध्ये खाच असलेली सीट बसवावी. सीटचे टोक अगदी किंचितच खाली करावे, कारण ते फार उतरवले की शरीर पुढे घसरते आणि भार मनगटांवर जातो. बाळाला सतत उचलून ती बहुधा आधीच दुखत असतात. सिझेरियन झालेल्या स्त्रीला सीटचा त्रास कमी होतो, पण वरची जखम भरलेली दिसली तरी आतले थर भरायला बराच अधिक काळ लागतो.

चढावर जड गिअर टाकून, श्वास रोखून, पायडलवर उभे राहिले की पोटातला दाब ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो. हलका गिअर, सपाट रस्ता आणि बसूनच पायडल मारणे, एवढे सुरुवातीला पुरे. लघवी निसटणे, खाली काहीतरी ओढल्यासारखे जड वाटणे किंवा थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होणे, यांपैकी काही दिसले तर थांबून डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे. ही लक्षणे कित्येकदा दुसऱ्या दिवशी जाणवतात, म्हणून फेरी सोसली की नाही हे त्या दिवशी ठरवू नये.

ब्रिटनच्या सायकलपटू लिझी डेगनन यांना सप्टेंबर 2018 मध्ये मुलगी झाली आणि पुढच्या जूनमध्ये त्यांनी ब्रिटनमधील ‘विमेन्स टूर’ ही सायकल शर्यत जिंकली. हे उदाहरण मला अतिशय प्रिय आहे, तरी कोणत्याही बाळंतिणीने त्यावरून स्वतःचे वेळापत्रक आखू नये. व्यावसायिक सायकलपटूच्या पाठीशी संघ असतो, आणि 2020 पासून महिलांच्या सर्वोच्च श्रेणीतील संघांच्या करारांत पगारी प्रसूती रजाही आली. घरी रात्रभर जागलेल्या स्त्रीला अशा रजेइतकीच गरज असते ती बाळाला अंगावर पाजून झाल्यावर कोणीतरी तासभर, हाक न मारता, बाळ सांभाळण्याची. ती सोय होईपर्यंत, झोपेने डोळे मिटत असताना, रहदारीत सायकल काढण्यापेक्षा घरातच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर, बसणे मला अधिक योग्य वाटते.