खुनी पुतण्या की भाचा? : रहस्यकथांचे संग्रह वाचताना

(मंडळाच्या वाचन मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित)

मंडळी, नमस्कार.

रहस्यकथा म्हटलं की मराठी माणसाला पहिल्यांदा बाबूराव अर्नाळकर आठवतात. झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या जोरावर हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिलेला माणूस! ती पुस्तकं हातात घेताना एक भरवसा असायचा : नायक ठरलेला आणि त्याचं जिंकणंही ठरलेलं. आज मात्र ज्यात असा भरवसा मिळत नाही त्या पुस्तकांबद्दल बोलायचं आहे. म्हणजे अनेक लेखकांच्या रहस्यकथा आणि गुन्हेकथा एका संपादकाने निवडून एकत्र केलेले संग्रह. आपल्याला हा प्रकार परका नाही. 'धनंजय'सारखा दिवाळी अंक ज्यांनी वाचला आहे, त्यांनी असा संग्रह वाचलाच आहे, फक्त मध्ये मध्ये जाहिराती होत्या.

शेरलॉक होम्सच्या छप्पन लघुकथा ओळीने वाचल्या तर दहाव्या कथेपर्यंत खेळाचे नियम पाठ होतात. अशील येणार, होम्स त्याच्या बुटांवरून चार गोष्टी सांगणार, त्याचा मित्र वॉटसन चकित होणार. संपादित संग्रहात दर पंधरा-वीस पानांनी नियम बदलतात. पहिल्या कथेत खुनी शोधायचा असतो. दुसरीत तो पहिल्याच पानावर समोर उभा असतो आणि तो सापडणार कसा, एवढंच पाहायचं असतं. हा उलटा प्रकार ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने रूढ केला, त्या कथांचं त्याचं पुस्तक १९१२ सालचं. तिसऱ्या कथेत गुन्हा झाला आहे की नाही हेच कळत नाही. चौथीत निवेदकावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न. त्यामुळे संग्रहातली कथा उघडल्यावर 'खुनी कोण' हे कोडं नंतर येतं. आधी 'ही गोष्ट कोणत्या जातीची' हे ओळखायचं असतं, आणि खरी मजा तिथे आहे. म्हणूनच ज्या संग्रहात संपादक प्रत्येक कथेच्या डोक्यावर 'या भागात विषप्रयोगाच्या कथा' अशी पाटी लावतो, तो निम्मी मजा आधीच खाऊन बसतो.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाचे रहस्यकथेचे दहा नियम अनेकांनी ऐकले असतील. ते आले १९२९ साली, एका वार्षिक कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, एकाहून जास्त गुप्त खोल्या किंवा भुयारं नकोत, पूर्वसूचना न देता जुळे भाऊ आणायचे नाहीत, वगैरे. नियम थट्टेच्या सुरात लिहिलेले आहेत, पण पहिला नियम लघुकथेला फार जड जातो. पाच हजार शब्दांत माणसं मावणार किती? पाच-सहा. त्यातला एक मेलेला, एक तपास करणारा, एक त्याचा मित्र. उरले दोन-तीन. वाचकाने नुसता छापा-काटा करून खुनी निवडला तरी तीनात एकदा बरोबर येईल! म्हणून हुशार लेखक छोट्या कथेत माणूस लपवत बसत नाही. तो एखादी वस्तू लपवतो, तीही वाक्याच्या मधोमध.

'सिल्व्हर ब्लेझ' ही होम्सकथा घ्या, डिसेंबर १८९२ ची. शर्यतीचा घोडा तबेल्यातून नाहीसा होतो, त्याच्या प्रशिक्षकाचा मृतदेह सापडतो. या कथेतला न भुंकलेला कुत्रा जगप्रसिद्ध आहे, इतका की त्याने त्याच कथेतला दुसरा, आपल्या जिभेला जवळचा धागा झाकून टाकला. रात्री नऊच्या सुमारास मोलकरीण तबेल्यातल्या पोऱ्यासाठी जेवण घेऊन निघते. जेवणात काय, तर मटण करी. लगेच लेखक सांगतो की तिने प्यायला काही नेलं नाही, कारण तबेल्यात नळ होता. रात्र काळोखी होती आणि वाट माळावरून जाणारी, म्हणून हातात कंदील होता. नळ, काळोख, माळ, कंदील. मटण करी या तपशिलांखाली पुरली जाते. वाचक कंदिलाकडे बघत पुढे सरकतो.

पोऱ्या त्या जेवणातल्या अफूने बेशुद्ध पडलेला सापडतो. होम्सचं म्हणणं असं : अफूच्या भुकटीला चव असते. साध्या जेवणात घातली तर खाणारा पहिल्या घासाला थांबेल. ती झाकायला मसाल्याचाच पदार्थ हवा. त्या रात्री योगायोगाने हजर झालेल्या परक्या माणसाला घरात करी शिजणार हे कसं माहीत असणार? म्हणजे संशय कोणावर, तर घरात काय शिजायचं हे ज्याला ठरवता येतं त्याच्यावर. पुढचं सांगत नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांनी घरी जाऊन वाचा. लंगडणाऱ्या तीन मेंढ्यांकडेही लक्ष ठेवा.

आता जरा आपल्या भाषेकडे येऊ. अशा कथा मराठीत आणताना भाषांतरकाराची जी तारांबळ उडते, ती पाहणं हे मराठी वाचकाचं खास सुख आहे.

इंग्रजीत 'नेफ्यू' म्हटलं की काम झालं. मराठीत पुतण्या म्हणावं की भाचा? पुतण्या म्हटलं की आडनाव बहुधा काकांचंच. भाचा म्हटलं की आडनाव वेगळं. आता कथेची सगळी कलाटणी जर अशी असेल, की वेगळ्या आडनावाने वावरणारा तो बागकाम करणारा तरुण हाच मृताचा वारस, तर तिसऱ्या पानावर 'त्यांचा एक भाचा परदेशी असतो' असं लिहिणाऱ्याने वाचकाच्या हातात किल्लीच दिली. 'ब्रदर-इन-लॉ'ची तर गतच विचारू नका : मेहुणा, दीर, साडू, भावोजी. कोणता निवडायचा हे शेवटचं पान वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. त्यामुळे ओळीने वाचत वाचत भाषांतर करणारा रहस्यकथेत हमखास फसतो.

दुसरी अडचण क्रियापदाची. इंग्रजीत एखादी आकृती खोलीत शिरते, स्त्री की पुरुष ते शेवटपर्यंत झाकलेलं राहतं. आपल्याकडे 'आला' किंवा 'आली' म्हणावंच लागतं. 'कुणीतरी आलं' हा नपुंसकलिंगी आडोसा एकदोनदा चालतो. मग भाषांतरकार 'व्यक्ती'कडे वळतो, कारण व्यक्ती स्त्री असो की पुरुष, 'ती'च राहते. पण मराठी वाचक काही बावळट नाही. एका पानावर तीनदा 'ती व्यक्ती' दिसली की त्याला कळतं, इथे काहीतरी लपवलं जातंय. एरवी आपण सरळ 'माणूस' म्हटलं असतं.

निवेदक 'मी' असेल तर आणखी गंमत. 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हटलं की बिंग फुटलं. पण 'मी दार उघडलं, चाकू उचलला, पत्र वाचलं' यात बोलणारा बाई की पुरुष हे कळत नाही, कारण इथे क्रियापद दाराच्या, चाकूच्या, पत्राच्या मागे जातं. जाणता भाषांतरकार अख्खी कथा अशा क्रियापदांवर तोलून धरतो. आणि तयार वाचक दोन पानांत ओळखतो, की हा निवेदक सगळं करतो, पण कधी जात नाही, येत नाही, बसत नाही, हसत नाही. तपासाची सुरुवात तिथूनच करावी.

वाचायचं कसं, हे थोडक्यात. एका बैठकीत दोन कथा पुरे, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. सलग पाच वाचल्या की प्रत्येक शेवट आधीच्या शेवटाशी भांडतो आणि सहाव्या कथेत तुम्ही कथा न वाचता क्लृप्ती शोधत बसता. कथांचा क्रम मोडू नका. लांब कथेनंतर चार पानांची झटकेबाज कथा संपादकाने मुद्दाम ठेवलेली असते. प्रस्तावना मात्र शेवटी वाचा. जुन्या संग्रहांचे संपादक रहस्य बिनदिक्कत फोडतात, कारण त्यांच्या मते तुम्ही ते सगळं वाचलेलंच असतं. छापील पुस्तकात उरलेली पानं बोटांना कळतात, त्याला इलाज नाही. पण संग्रहात एक सोय आहे : पुढची कथा त्याच कागदांत असल्याने ही कथा नेमकी कुठे संपते ते जाडीवरून कळत नाही. फक्त अनुक्रमणिकेतले पृष्ठांक पाहायचे नाहीत. काही सार्वजनिक वाचनालयांत हे संग्रह बऱ्याचदा संपादकाच्या आडनावाखाली लावलेले असतात, त्यामुळे आवडत्या लेखकाच्या कप्प्यात शोधून हात हलवत परतू नका.

मंडळात एकत्र वाचन करायचं असेल तर साडेचार-पाच हजार शब्दांची कथा निवडा. मोठ्याने वाचायला पाऊण तास लागतो. होम्सच्या कथा अमेरिकेतही २०२३ पासून पूर्णपणे स्वामित्वहक्कमुक्त आहेत, त्यामुळे स्वतः भाषांतर करून वाचायला अडचण नाही. वाचणाऱ्याने कथा आधी दोनदा वाचलेली हवी. एकदा शेवटासाठी, एकदा आवाजासाठी. नाहीतर 'मटण करी'वर नकळत जोर पडतो आणि सभागृहातली अर्धी मंडळी माना डोलावतात.

थांबायची जागा आधी पेन्सिलीने खूण करून ठेवा. एलरी क्वीन या नावाने लिहिणारी जोडी आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत उलगड्याच्या आधी थांबून वाचकाला जाहीर आव्हान द्यायची : सगळे धागे तुमच्या हातात आहेत, सोडवा. लघुकथेत तशी पाटी नसते, ती आपण लावायची. तपास करणारा 'आता माझ्या लक्षात आलं' म्हणतो, त्या वाक्यानंतर लगेच थांबू नका. त्यानंतर तो बहुतेकदा एखादा शेवटचा प्रश्न विचारतो किंवा एखादी वस्तू तपासायला जातो, आणि तो धागा वाचकाला मिळायलाच हवा. तो प्रश्न संपला की पुस्तक मिटा.

मग प्रत्येकाला एक चिठ्ठी. खुन्याचं नाव, आणि त्यासोबत 'कशावरून' हे दोन ओळींत. नुसतं नाव लिहिणाऱ्याला गुण नाहीत, तो छापा-काटावाला. चिठ्ठ्या डब्यात टाका, चहा घ्या. चहाच्या वेळी ज्यांनी कथा आधी वाचली आहे त्यांना कांदेपोह्यांच्या टेबलामागे वाढायला उभं करा, म्हणजे त्यांचं तोंड आणि हात दोन्ही कामात राहतील.