करंबळ आणि कॅरम

नमस्कार श्रोतेहो. आज एकच शब्द घेऊ या, कॅरम. खेळ नव्हे, शब्द. इंग्रजीत त्याचा अर्थ तिरकं आपटून उडणं. नीट ऐका हं, तिरकं आपटून. सरळ खाली पडून वर येतो तो चेंडूचा टप्पा. कशाला तरी चाटून, दिशा बदलून निघतो तो कॅरम.

माझं आजोळ कुडाळजवळ. मे महिन्यातली दुपार, पडवीत बोर्ड मांडलेला, समोर मामा. राणी अगदी माझ्या बाजूच्या पट्टीला चिकटलेली. मी मान वाकडी करकरून तिच्याकडे बघत होते. मामा म्हणाला, "गो, राणीकडे बघू नको. समोरची पट्टी बघ." मी पट्टीवरची एक जागा धरली आणि मारलं. स्ट्रायकर तिथे आपटला, तिरका परत आला, राणीला नुसता चाटला, आणि राणी टपकन भोकात! मी ओरडलेच. आता फक्त कव्हर. सोपी सोंगटी, भोकाच्या तोंडाशी. पण परसातल्या करंबळाच्या, म्हणजे स्टारफ्रूटच्या, फोडी तिखटमीठ लावून खात मी खेळत होते. स्ट्रायकर बोटाला चिकटला, जेमतेम वीतभर सरकला. मामानं राणी उचलून परत मधोमध ठेवली. "आधी हात धुवून ये."

त्या दुपारी मला ठाऊक नव्हतं की बोटांवरचं करंबळ आणि समोरचा कॅरम बहुधा एकाच घरचे. आपल्या करंबळाचं पोर्तुगीजांनी कारांबोला केलं. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्या 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात हे फळ त्याच नावानं आहे. पुढे युरोपात बिलियर्डच्या लाल चेंडूला ते नाव मिळालं, मग एका चेंडूवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या फटक्याला, आणि शब्द आखडत इंग्रजीत कॅरम झाला. फळाचं नाव चेंडूला कसं चिकटलं, तो दुवा अंदाजाचा आहे. पण करंबळ मराठी, हे इंग्रजी कोशही नोंदवतात. करंबळ, कारांबोला, कॅरम.

आणि हो, बोर्डावर पावडर चिमूटभरच टाका. हल्ली मुलं पिठासारखी ओततात, मग पट्टीवरून येणारा कोन हाताला कळतच नाही.

मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी करंबळ खाऊ नये, ते खरंच अपायकारक आहे. बाकीच्यांनी मीठ लावून खावं आणि हात धुऊन बोर्डावर बसावं. नमस्कार.