घोरतोय म्हणजे झोपलाय?

(न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळाच्या रविवारच्या कार्यक्रमात एका फार्मासिस्टबाईंनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. जेवणानंतरचं भाषण ही वक्त्याची परीक्षाच असते, आणि आज तर श्रीखंड होतं. कुणाचा डोळा लागला तर मी रागावणार नाही. फक्त शेजारच्यांनी त्यांचं घोरणं जरा कान देऊन ऐकावं. का, ते सांगते.

ओव्हरडोस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं? मुंबईत वाढलेल्यांना पुलाखालचा गर्दुल्ला आठवत असेल. चांदीचा कागद, खाली मेणबत्ती. मलाही तोच आठवायचा. पण वीस वर्षं काउंटरमागे उभं राहिल्यावर मला दिसतात त्या गुडघा बदलून घरी आलेल्या आजी. ऑक्सिकोडोन या जबर वेदनाशामकाची बाटली, जोडीला झोपेची जुनी गोळी, आणि "आज फारच ठणकतंय" म्हणून स्वतःच्या मनाने घेतलेली आणखी एक. किंवा परीक्षेच्या आठवड्यात फोनवरून ओळख झालेल्या कुणाकडून "अ‍ॅडरॉल" ही लक्ष लागावं म्हणून देतात ती गोळी घेणारा आपलाच कॉलेजातला मुलगा. त्या गोळीत अ‍ॅडरॉल बऱ्याचदा नसतंच. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने २०२३ मध्ये फेंटानिल हे अतितीव्र वेदनाशामक असलेल्या बनावट गोळ्या तपासल्या, तेव्हा दर १० पैकी ७ गोळ्यांत जीव जाऊ शकेल इतकी मात्रा निघाली. ती मात्रा किती, तर २ मिलिग्रॅम. मिठाचे दहा-पंधरा कण बोटावर घ्या, तेवढी. २०२१ साली आपल्या या एका राज्यात ओव्हरडोसने ३,००० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर आकडे उतरलेत, पण आपल्या मंडळींत हा विषय आजही दबक्या आवाजातच निघतो.

आता घोरण्याकडे येते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदूच्या तळातून हुकूम सुटतो, श्वास घे. मॉर्फिन, हेरॉइन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल ही सगळी ओपिऑइड, म्हणजे अफूसारखी काम करणारी द्रव्यं, तो हुकूमच दाबून टाकतात. म्हणून माणूस गुदमरतोय असं वाटत नाही. तडफड नाही, हाक नाही. घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, आणि उरलासुरला श्वास त्या अरुंद वाटेतून खरखरत जातो. बाहेरच्याला वाटतं, गाढ झोप लागली.

एका बाईंनी मला हे काउंटरवरच सांगितलं होतं. रात्री मुलाच्या खोलीवरून जाताना घोरणं ऐकू आलं. पोर दमलंय म्हणून त्यांनी पांघरूण सारखं केलं, दिवा मालवला, दार हळूच ओढून घेतलं. सकाळी चहा घेऊन गेल्या. पुढचं मी सांगत नाही.

नेहमीचं घोरणं एका लयीत चालतं, आणि ढोसलं की माणूस कूस बदलतो, निदान पुटपुटतो. हे घोरणं ओलं, गुळगुळ वाजणारं असतं. मध्येच थांबतं. थांबलं की मनात पाच आकडे मोजा. पाच होईपर्यंत पुढचा श्वास आला नाही तर हलवा, नावाने मोठ्याने हाक मारा. तरी हालचाल नाही? मूठ वळून बोटांचे सांधे छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासा. जागा माणूस शिवी देईल इतकं ते दुखतं. शिवी आली तर आनंद माना. नाही आली तर डोळ्यांची पापणी उचलून बघा, बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी बारीक झालेली असते. ओठ निळे पडतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण आपल्या सावळ्या कातडीवर निळं दिसेलच असं नाही. राखेसारखा रंग दिसतो. ओठ आतून बघा, नखं बघा. पण सगळी लक्षणं जुळायची वाट बघत बसू नका. उठत नाही आणि श्वास नीट नाही, एवढं पुरे.

आणि कृपा करून कांदा फोडून नाकाला लावू नका, चप्पल हुंगवू नका. हसताय, पण मी पाहिलंय. थंड पाण्याखाली धरणं, तोंडात मीठपाणी किंवा दूध ओतणं, उलटी करायला लावणं, हे सगळं त्यातलंच. गिळता न येणाऱ्याच्या घशात काहीही गेलं तरी ते फुप्फुसात उतरू शकतं.

मग करायचं काय? ९११ हा इथला तातडीच्या मदतीचा नंबर फिरवायचा आणि हे नाकात मारायचं. (हातातली पांढरी नळी दाखवत) हे नॅलॉक्सोन. नार्कन या नावाने मिळतं. मेंदूतल्या ज्या जागेवर ओपिऑइड ठाण मांडून बसलेलं असतं, तिथून त्याला उठवून हे स्वतः बसतं. औषध नवीन नाही. १९६१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं, १९७१ मध्ये इथे मान्यता मिळाली. पण ते पंचवीस वर्षं बहुतेक इस्पितळाच्या आणि रुग्णवाहिकेच्या कपाटातच राहिलं. १९९६ च्या सुमाराला शिकागोत डॅन बिग या कार्यकर्त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते थेट नशा करणाऱ्यांच्याच हातात द्यायला सुरुवात केली, कारण प्रसंगाच्या वेळी शेजारी तेच असतात. मला विचाराल तर औषध शोधण्याइतकंच हे मोठं काम. २०२३ पासून ते चिठ्ठीशिवाय मिळतं. तेव्हा दोन डोसांचं खोकं साधारण ४५ डॉलरला होतं. आणि आपल्या न्यू जर्सीत त्याच वर्षापासून, राज्याच्या योजनेतल्या फार्मसीत १४ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कुणालाही फुकट. नाव सांगावं लागत नाही. तरी आपली माणसं रांगेत मागे कुणी देसी तर नाही ना, हे आधी बघतात! गोळीची बाटली घेताना कुणी बघत नाही, आणि तिचा उतारा घेताना मात्र लाज वाटते.

वापरायचं असं. उताणं झोपवा, मानेखाली हात घालून डोकं मागे कलवा. टोक एका नाकपुडीत, आपली बोटं नाकाला टेकेपर्यंत. अंगठ्याने दट्ट्या पूर्ण दाबा. झालं. त्याला श्वास ओढावा लागत नाही. आणि आधी "चालतंय का" म्हणून हवेत दाबून बघू नका. एका मावशींनी सर्दीच्या स्प्रेची सवय म्हणून तसं केलं. एका नळीत एकच डोस असतो, तो गेला त्यांच्या पडद्यावर.

दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर हनुवटी उचलून, नाक चिमटीत धरून, दर पाच सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या. ९११ वरचा माणूस फोनवर सांगत राहतो. फरक पडला नाही तर दुसरी नळी, दुसऱ्या नाकपुडीत. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. जागा झालेला माणूस आभार मानेल अशी अपेक्षा नको. थरथरेल, ओकेल, तुमच्यावरच ओरडेल, "मला काही झालेलं नाही" म्हणून निघून जाईल. जाऊ देऊ नका. नॅलॉक्सोन तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतं, पोटातली गोळी त्याहून जास्त वेळ टिकू शकते. श्वास पुन्हा थांबू शकतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: आणि ते ओव्हरडोस नसेलच तर?)

तर काही बिघडत नाही. ओपिऑइड नसेल तिथे हे औषध काही करत नाही.

(प्रश्न: पोलीस येतात ना? मुलं विद्यार्थी व्हिसावर असतात.)

येतात. न्यू जर्सीत २०१३ पासून कायदा आहे, मदत मागणाऱ्याला आणि ओव्हरडोस झालेल्याला अमली पदार्थ जवळ बाळगल्याबद्दल पकडत नाहीत. विकणाऱ्याला तो वाचवत नाही. व्हिसाबद्दल दुसऱ्या दिवशी वकिलासमोर बसता येतं. मेंदूला प्राणवायूवाचून काही मिनिटंच मिळतात.

(प्रश्न: गाडीत ठेवलं तर चालेल?)

जुलैमधली आपली डिकी आठवा. नको. जानेवारीत गोठलं तर ते फवारणारही नाही. स्वयंपाकघरात, क्रोसिन ठेवता त्याच कप्प्यात ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांना कप्पा दाखवा, सासूबाईंनाही. तारीख खोक्यावर असते. मागे टेबलावर सरावाच्या रिकाम्या नळ्या आहेत, त्या मात्र हव्या तितक्या दाबून बघा. चहा तिथेच आहे.