नागपूरचा आहे म्हणून ऊन सोडत नाही

नमस्कार श्रोतेहो.

मी नागपूरचा. जन्म इथला, शाळा इथली, मे महिन्यात गच्चीवर वाळवणाची राखण अनवाणी केलेली. पुण्या-मुंबईचे माझे सायकलवाले मित्र मार्च संपला की उन्हाच्या नावानं कुरकुरायला लागतात, तेव्हा मला हसू यायचं. आम्हाला काय ऊन दाखवता, असा एकूण तोरा. हा तोरा तळेगावजवळच्या एका रसवंतीवर उतरला.

लांब पल्ल्याच्या हौशी सायकलिंगमध्ये बीआरएम नावाचा प्रकार असतो. 200, 300, 400, 600 किलोमीटर अशी अंतरं, आणि प्रत्येकाला ठरलेली वेळ. 200 ला साडेतेरा तास, 300 ला 20 तास. अधिकृतपणे ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक नसतो, वेळेत आलात की झालं. पण चार सायकली एका रस्त्यावर आल्या की शर्यत लागतेच, हे सायकलवाल्यांना सांगायला नको.

आमची 300 एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात होती. नागपूर ते अमरावती आणि परत. पहाटे चारला निघालो. बाजारगाव, कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा, मोझरी. सकाळच्या गारव्यात पाय नुसते पळत होते. पुढच्या दोघांना गाठायचं म्हणून आणखी जोर लावला आणि अकराच्या आत अमरावती गाठली. वेळेची नोंद ठेवणाऱ्या कार्डावर शिक्का घेतला, दोन समोसे खाल्ले, बाटल्यांत साधं पाणी भरलं आणि लगेच उलटा फिरलो. दुपारची झोप काढून चार वाजता निघालो असतो, तरी मध्यरात्रीच्या आत आरामात नागपुरात आलो असतो. हे गणित मला आज जमतंय, त्या दिवशी सुचलं नाही.

परतीला पश्चिमेचं वारं पाठीशी आलं. मी खूश. आता इथे एक गंमत आहे. वारं ताशी 20 नं मागून येतंय आणि तुम्हीही 20 नं पुढे जाताय, म्हणजे अंगाला लागणारं वारं शून्य. सायकल छान पळते, पण घाम सुकवायला हवा मिळत नाही. समोरून वारं आलं की आपण त्याला शिव्या घालतो. उन्हाळ्याच्या दुपारी तेच वारं पंख्याचं काम करत असतं.

तळेगाव सोडलं की सत्याग्रही घाट लागतो. सह्याद्रीतला माणूस याला घाट म्हणायला लाजेल, एवढासाच. पण तीन वाजता, डोंगर कापून काढलेल्या त्या रस्त्यावर वारं पडलेलं, खालून डांबराची धग आणि माझा वेग आठवर आलेला. मोबाइलवर तापमान 44 दिसत होतं, आणि हा आकडा सावलीतला असतो, डांबरावरचा नाही. तेवढ्यात माझ्या दंडांवर काटा आला. 44 अंशांत मला थंडी वाजायला लागली. वाटलं, चला, शरीर गार पडतंय. शरीर गार पडत नव्हतं, हात टेकत होतं.

घाट संपल्यावर रसवंती दिसली. घुंगरांचा आवाज, हिरवं कापड, रांजणावर ओलं पोतं. मी रस घेतला, पण घशाखाली उतरेना, मळमळ. पैसे विचारले. मावशी म्हणाल्या, चाळीस. माझ्या हातात पन्नासची नोट होती आणि किती परत यायला हवेत, ते मला सांगता येईना. श्रोतेहो, मी गेली बारा वर्षं अकाउंट्सचं काम करतो.

सोबत सायकल चालवणाऱ्या माझ्या जोडीदाराच्या ते लक्षात आलं. त्यानं सायकल काढून घेतली. मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं, म्हणाल्या, "एवढ्या उन्हात काऊन निंगाले बा?" आणि उत्तराची वाट न बघता रांजणातलं पाणी तांब्यानं माझ्या डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतायला सुरुवात केली. मग ओलं पोतं पाठीवर टाकलं आणि जोडीदाराला पुठ्ठ्यानं वारा घालायला लावलं. नंतर डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते नेमकं हेच होतं: आधी गार करा, मग गाडीत घाला.

हे नीट ऐकून ठेवा. उन्हात माणूस असंबद्ध बोलायला लागला, लडखडला, हिशोब चुकायला लागला, तर तो थकलेला नाही, उष्माघाताच्या दारात आहे. शरीराचं आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलं की मेंदूला त्रास होतो. 108 ला फोन लावा, पण रुग्णवाहिकेची वाट बघत हात बांधून बसू नका. सावली, कपडे सैल, भरपूर पाणी अंगावर, वारा. शेतात पाण्याचा हौद असेल तर त्यात गळ्यापर्यंत बसवा आणि डोकं धरून ठेवा, याहून चांगला उपाय नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि तापावरची गोळी देऊ नका. हा ताप जंतूचा नसतो, त्या गोळीनं तो उतरत नाही.

मला शुद्ध होती, तासाभरात मी ठीक झालो. टेम्पोतून घरी आलो. कार्डावरचा पुढचा शिक्का कोरा राहिला.

मग मी कारण शोधत बसलो. नागपूरच्या माणसाला ऊन लागलंच कसं? उत्तर अगदी साधं निघालं. उन्हाची सवय गावाच्या नावानं मिळत नाही, ती गेल्या पंधरा दिवसांत कमवावी लागते. रोज तास-दीड तास तापलेल्या हवेत अंग हलवलं की दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यात मीठ कमी जातं, रक्तातला पातळ भाग वाढतो आणि तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके कमी लागतात. ही सवय मोडली की काही आठवड्यांत उतरते. मी ऑफिसात एसीत, गाडीत एसीत, आणि सायकलचा सराव पहाटे पाचला. शेजारच्या बांधकामावरचा गवंडी माझ्यापेक्षा जास्त नागपूरकर होता.

दुसरं म्हणजे लावलेला जोर. सायकल चालवताना आपण जी ऊर्जा जाळतो तिच्यातली जेमतेम पाव चाकाला मिळते, बाकी सगळी उष्णता. हवा त्वचेपेक्षा तापली की ती उष्णता बाहेर जायला एकच दार उरतं, घामाची वाफ. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सुकला तर, हं. विदर्भात तो दिसायच्या आत सुकतो, म्हणून आपल्याला वाटतं घाम येतच नाही, आणि संध्याकाळी काळ्या जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे दिसतात. कोकणात तो ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम फुकट जातो. जोर लावला की तासाला दीड लिटर घाम सहज निघतो. पोट मात्र तासाला लिटरभराच्या आसपासच पाणी पुढे पाठवू शकतं, आणि तापलेल्या शरीरात रक्त कातडीकडे धावत असल्यानं तेही कमीच. म्हणजे जोरात गेलात की उधारी चढते, आणि ती पाणी पिऊन फिटत नाही, वेग कमी करूनच फिटते. दुपारी मी आता मीटरवरचा वेग बघत नाही, ठोके बघतो. सकाळच्याच जोराला ठोके पंधरा-वीसनं वाढले की थांबायचं.

पाण्यातही मीठ हवं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजतात, ग्लोव्ह निघत नाहीत, डोकं दुखतं, आणि लोक म्हणतात आणखी पाणी दे. ते उलट पडतं. औषधाच्या दुकानातलं ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या बाटलीत नाही. घरचं करायचं तर एका लिटरला सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक, मीठ घातलेलं पन्हं उत्तम. खिशातल्या कांद्याबद्दल आजी-आजोबांची माफी मागून सांगतो, खिशातला कांदा ऊन अडवत नाही. मीठ लावून भाकरीबरोबर खाल्लात तर मीठ तरी पोटात जाईल. आणि दुखतंय म्हणून वेदनाशामक गोळ्या घेऊन दामटणाऱ्यांनो, पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडावर त्या भारी पडतात.

रेस अक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत आपल्याकडे माहीत झाली ती नाशिकच्या महाजन बंधूंमुळे. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी दोघांच्या संघात ती पूर्ण केली. 2017 मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पूर्ण केली. सुमारे 4800 किलोमीटर, जून महिना. सुरुवात कॅलिफोर्नियात ओशनसाइडला, समुद्राच्या गार वाऱ्यात. त्याच दिवशी डोंगर ओलांडून बोरेगो स्प्रिंग्जच्या वाळवंटात उतरावं लागतं, आणि उतरताना हवा गार होण्याऐवजी तापत जाते. 2021 साली तिथे भयंकर उष्णतेची लाट होती, भलेभले सोडून गेले. त्या वर्षी एकट्यानं सायकल चालवणाऱ्यांत सगळ्यांच्या पुढे आल्या 52 वर्षांच्या लेआ गोल्डस्टीन, 11 दिवस 3 तासांत. एकट्यांची ही शर्यत बाईनं पुरुषांनाही मागे टाकून जिंकण्याची ती पहिलीच वेळ. तिथे मागून गाडी असते, बर्फ असतो. बायकांच्या नायलॉनच्या पायमोज्यांत बर्फ भरून मानेवर ठेवतात.

आपल्यामागे गाडी नाही, पण आपल्याकडे माठ आहे. बाटलीवर जुना सुती मोजा चढवा आणि तो ओला ठेवा. धावत्या वाऱ्यात बाटली माठासारखी वागते. मोजा नसेल तर तासाभरात पाण्याचा चहा होतो, आणि कोमट पाणी माणूस पीत नाही, तहान असली तरी. हातांवर पांढऱ्या बाह्या, त्या प्रत्येक हापशावर भिजवायच्या. हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल, मानेवर लोंबता. विदर्भातली मुलगी स्कूटीवर बसताना दुपट्टा गुंडाळते, ते काही शोभेसाठी नव्हे.

यंदाही 300 करतो आहे, याच रस्त्यावर. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, लागायच्या आधी, आणि सुरुवात संध्याकाळी सहाची. गेले दोन आठवडे रोज चार वाजता, ऑफिसातून तासाची सुटी घेऊन, फुटाळा तलावाला चकरा मारतोय. साहेबांना कारण सांगितलं आहे, त्यांना ते पटलेलं नाही. परतीला सत्याग्रही घाट पहाटे चारच्या सुमारास चढेन, म्हणजे मावशींची रसवंती बंद असेल. चाळीस रुपये मी त्या दिवशी दिले होते की नाही, ते मला अजून आठवत नाही. जाताना, रात्री साडेदहाला, दुकान उघडं दिसलं तर विचारणार आहे.

नमस्कार.