हे कोणत्या रकान्यात लिहिणार?

(हिंगणघाटला जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढण्याचे कारखाने, दालमिल आणि शेतकरी उत्पादक कंपन्या चालवणाऱ्या मंडळींसमोर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मला इथं बोलावताना तुमच्यापैकीच एकानं फोनवर सरळ सांगितलं, "भाऊ, भाषण मंग कधी करा, हजेरीसाठी कोनतं अ‍ॅप घ्याव तेवढं सांगून द्या." तर तेवढंच मी सांगणार नाही. दर हंगामाला नवं अ‍ॅप येतं, आणि नाव बदललं तरी आतलं बहुतेक सारखंच असतं. खरी गोम असते ती एका पानात. अ‍ॅप घेतलं की पहिल्याच दिवशी ते पान उघडतं: हजेरी लावताना काय काय नोंदवायचं? वेळ, जागा, फोटो, बोटाचा ठसा, मोबाइल नंबर, आधार, कोणत्या मशीनवर होता, जेवायला किती वेळ गेला. प्रत्येकासमोर एक बटण.

ते पान आपण कसं भरतो, ते आठवा. अ‍ॅप विकणारा पोरगा समोर बसलेला, बाहेर कापसाच्या गाड्यांची लाइन, काट्यावर कोणाचं तरी वजनावरून वाजलेलं. तो विचारतो, "सर, हे पण चालू करू का?" आपण मान वर न करता म्हणतो, "कर ना, असू दे." पैसे थोडेच जास्त पडतात! मी ही कामं करतो म्हणून सांगतो, मीसुद्धा कितीतरी ठिकाणी ते 'असू दे' स्वतःच्या हातानं दाबलं आहे. आज त्याबद्दलच बोलतो.

काही हंगामांपूर्वी एका जिनिंगमध्ये मी अ‍ॅप बसवलं. नाव घेत नाही. मालक माझा मित्र आहे आणि चूक निम्मी माझी आहे. लोकेशनपुढं तीन पर्याय होते: नको, हजेरी लावताना, आणि सतत. मी 'सतत' निवडलं. गावोगाव कापूस पाहत फिरणारे दोन ग्रेडर होते, ते कुठवर जातात ते मालकाला पाहायचं होतं. दोन माणसांचा वेगळा गट पाडायला दहा मिनिटं लागली असती. मला कंटाळा आला आणि तेच सेटिंग मी सगळ्यांना लावून टाकलं. त्यात जिनफिटर, म्हणजे जिनिंगची यंत्रं चालती ठेवणारा कारागीर, तोही सापडला.

ऐन हंगामात जिनफिटर म्हणजे काय चीज असते, हे या सभागृहात सांगायला नको. एका सोमवारी मालकानं त्याला ऑफिसात बोलावलं आणि फोन समोर धरला. नकाशावर निळी रेघ, रविवारी दुपारपासून रात्रीपर्यंत एका दुसऱ्या जिनिंगच्या मागच्या अंगाला जाऊन थांबलेली. "तिकडं नोकरीचं पाहून राहिला का?" तो माणूस बराच वेळ त्या रेघेकडं पाहत राहिला. त्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत त्याच्या बहिणीचं घर होतं, भाचीला पाहायला पाहुणे आले होते. हे काही त्यानं सांगितलं नाही, मला नंतर कळलं. त्यानं एवढंच विचारलं, "शेठ, मंग मी रात्री कुठी झोपतो, तेबी दिसते काय तुमाले?"

दिसत होतं.

पुढच्या पंधरवड्यात तो खरोखरच त्या दुसऱ्या जिनिंगमध्ये कामाला लागला. मित्र अजून मला ऐकवतो.

तेव्हापासून मी प्रत्येक बटणापाशी एकच प्रश्न विचारतो: हे मस्टरच्या कोणत्या रकान्यात लिहिणार? आपल्या मुनीमजींचं मस्टर डोळ्यासमोर आणा. नाव, आत आल्याची वेळ, गेल्याची वेळ, तास, ओव्हरटाइम, खाडा, उचल, शेवटी सही नाहीतर अंगठा. रविवारी माणूस कुणाच्या घरी होता, याला त्यात रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते बटण बंद.

या कल्पनेत नवीन काही नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, मग या भागात, तुमच्या हिंगणघाटात आणि पुलगावात, गिरण्या आल्या. भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. भोंग्याला कोण आलं हे कळत नव्हतं, ते हजेरीबाबू लिहायचा. तिकडं अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलार्ड बंडी नावाच्या सराफानं हजेरीचं यंत्र काढलं. प्रत्येक कामगाराला नंबराची किल्ली. किल्ली घातली की कागदावर नंबर आणि वेळ उमटायची. कोण आणि केव्हा, एवढ्या दोन गोष्टींवर पगार निघत होते.

आता लोकेशन. 'हजेरी लावताना' एवढंच ठेवा म्हटलं की लगेच प्रश्न येतो, आवाराची हद्द किती आखायची? उघड्या आभाळाखाली मोबाइलचं जीपीएस साधारण ५ मीटरच्या आतबाहेर जागा दाखवतं. आपलं काम चालतं टिनाच्या शेडमध्ये. एका ठिकाणी मी हद्द ३० मीटर आखली, हुशारी म्हणून. दुसऱ्या दिवशी गाठी बांधायच्या प्रेसवर उभा असलेला माणूस अ‍ॅपच्या हिशेबानं रस्त्यापलीकडच्या नाल्यात उभा होता. सकाळी आठ वाजता अकरा जण फोन वर धरून अंगणात गोल गोल फिरत होते, आणि खाडा पडणार म्हणून शिव्या मला. गूगलचाच सल्ला आहे की अशी हद्द निदान १०० ते १५० मीटर ठेवावी. तेवढी ठेवा. गेटपलीकडच्या चहाच्या टपरीवरून कोणी हजेरी लावली तर मुकादम बघून घेईल.

फोन परवानगी मागतो तेव्हा 'अ‍ॅप वापरताना' हा पर्याय पुरेसा आहे. अ‍ॅन्ड्रॉइड ११ पासून 'सर्व वेळ' हा पर्याय सहसा त्या पहिल्या खिडकीत नसतोच, त्यासाठी सेटिंगमध्ये आत जावं लागतं. कोणी तुमच्या माणसाचा फोन हातात घेऊन ते करून देत असेल तर विचारा, काऊन बा?

पण निम्म्या मजुरांकडं असा फोन नाहीच. मग गेटवर एक टॅब्लेट टांगायचा आणि सगळ्यांनी त्यावर आकडे दाबायचे. हेच मला जास्त पसंत आहे. फक्त पिन देताना डोकं लावा. आम्ही मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे पिन म्हणून दिले. सोपं, लक्षात राहतं. पहिल्याच दिवशी एका सासूची हजेरी लागली आणि तिच्या दोन्ही सुनांची लागेना. घरात फोन एकच! तिघींनी तोच नंबर लिहून दिला होता.

फोटोचं बटण चालू केलं की एकाची हजेरी दुसरा लावत नाही, हे खरं आहे. पण सरकी आणि रुईच्या कामावरच्या बाया पाहा. बारीक तंतू नाकातोंडात जाऊ नयेत म्हणून त्या दुपट्टा घट्ट बांधून येतात, डोळे तेवढे दिसतात. यंत्राला चेहरा हवा, म्हणजे गेटवर सगळ्यांसमोर रोज दोनदा दुपट्टा सोडायचा. एक बाई मला म्हणाल्या, "भाऊ, तिथं टरकवाले उभे रायतात." मी तेव्हा घाईघाईनं काहीतरी समजावून सांगितलं. आता आठवलं की लाज वाटते. आठवड्यानं ते बटण बंद केलं आणि गेटवरच्या मुनीमाला सांगितलं, तुमची ओळख हाच फोटो.

ठशाचं तर विचारूच नका. कापूस वेचून, बोंडाच्या टोकांनी सोलून निघालेली बोटं. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून परत फिरलेली माणसं प्रत्येकाच्या माहितीत आहेत. शिवाय पिन चोरीला गेला तर नवा देता येतो. अंगठा नवा कुठून आणायचा?

फोटो काढला म्हणजे हजेरी खरी, असंही समजू नका. रोजगार हमी योजनेचं, रोहयोचं पाहा. १ जानेवारी २०२३ पासून कामावरची हजेरी मोबाइल अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा फोटो, जागेची नोंद आणि वेळेसकट, हे देशभर सक्तीचं झालं. रेंज मिळावी म्हणून धुऱ्यावर चढून फोन वर धरणारे मेट, म्हणजे तिथले मुकादम, आपण पाहिले आहेत. आणि २०२५ च्या जुलैमध्ये ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना लिहिलं की भलतेच फोटो टाकले जातात, फोटोचेच फोटो काढून चढवले जातात. सरकारला जे निभावलं नाही, ते आपला गेटवरचा टॅब्लेट निभावेल?

एका बटणाकडं कोणी पाहत नाही, आणि मजुरांचे सगळ्यात जास्त पैसे तेच खातं. त्याचं नाव 'राउंडिंग', म्हणजे वेळ पंधरा मिनिटांच्या जवळच्या ठोक्याला नेणं. निष्पाप वाटतं. बाई ८ वाजून ८ मिनिटांनी आली, अ‍ॅप लिहितं ८.१५. संध्याकाळी ५.५२ ला गेली, अ‍ॅप लिहितं ५.४५. दोन्हीकडून सात-सात, चौदा मिनिटं गेली. २६ दिवसांची ३६४ मिनिटं होतात, सहा तासांच्या वर. तुम्ही म्हणाल ८.०५ ला आली तर ८ चे पैसे मिळतात, फिट्टंफाट. पण पोरांचं आवरून, ऑटो पकडून येणारी बाई आठ वाजून आठ ते दहालाच पोहोचते, रोज. यंत्राला वाटतं आपण न्याय केला. ते बंद करा, मिनिटाला मिनिट लिहू द्या. ओव्हरटाइमचा दर कायद्यानं दुप्पट आहे. तिथं ही चौदा मिनिटं आणखी महाग पडतात, आणि कामगार अधिकाऱ्यासमोर बसायची वेळ आली तर ती तुमच्याच नोंदीतून निघतात.

रात्रपाळी असेल तर 'दिवस कधी पालटतो' हे अ‍ॅपला सांगा. न सांगितल्यास ते रात्री बाराला तारीख बदलतं. १४ तारखेला रात्री दहाला आलेला माणूस १५ ला सकाळी सहाला गेला. अ‍ॅपच्या लेखी तो १४ ला बाहेर पडलाच नाही आणि १५ ला आत आलाच नाही. रात्रभर राबून दोन खाडे! दिवस सकाळी सातला पालटतो असं भरा. रेंज नसताना लावलेल्या हजेरीच्या दोन्ही वेळा ठेवा, फोनमध्ये लागल्याची आणि सर्व्हरवर पोचल्याची. फोनचं घड्याळ मागं करणारे बहाद्दर आपल्याकडं कमी नाहीत.

एक बटण मात्र मी आवर्जून चालू करायला लावतो. बाहेर पडताना मराठीत एक प्रश्न: आज काही लागलं का? रोलरमध्ये बोट जाणं आपल्याकडं नवं नाही, आणि अपघाताच्या रजिस्टरला रकाना आहे. फक्त उत्तर सक्तीचं करू नका. सक्ती केली की घरी जायच्या घाईत सगळे 'नाही' दाबत सुटतात आणि तुमच्याकडं खोटा पुरावा जमतो.

आधार. पीएफसाठी ते लागतं, एकदा. रोजच्या हजेरीला त्याचं काय काम? एका ठिकाणी मुनीमजींनी सगळ्या मजुरांच्या कार्डांचे फोटो जिनिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून ठेवलेले मी पाहिले, 'सापडायला सोपं जाते' म्हणून. त्या ग्रुपमध्ये ट्रकवाले होते, दोन अडते होते. ओळखीपुरतं कार्ड ठेवायचं असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार, ते कार्ड देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून मिळतं.

कायद्याचं थोडक्यात. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही ११ ऑगस्ट २०२३ ला झाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. नोकरीच्या कामापुरती माहिती वापरायला त्यात वाट ठेवली आहे, त्यामुळं हजेरी घ्यायला घाबरू नका. पण माहिती सांभाळायची जबाबदारी तुमची. पुरेशी काळजी न घेतल्यामुळं ती फुटली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड जिनिंगला लागेल असं मी म्हणत नाही, पण 'विकणाऱ्यानं चालू करून दिलं होतं' हे उत्तर चालायचं नाही. कामाबाहेरच्या कशासाठी संमती मागणार असाल तर ती मराठीत वाचायला मिळणं हा माणसाचा हक्क आहे. इंग्रजी चार पानांखाली घेतलेला अंगठा घरीच ठेवा.

शेवटी एक, 'कोणाला काय दिसेल' तेही त्याच पानावर असतं. मालकाला, मुनीमाला, आणि मुकादमाला फक्त आपल्या टोळीचं. मजुराला स्वतःचे तास दिसू द्या. एका शेतकरी कंपनीत आम्ही टॅब्लेटवर 'माझे तास' असं बटण ठेवलं. बाजाराच्या दिवशी पैसे मिळायच्या आधी बाया रांगेनं ते दाबतात, बोटांवर मोजतात, मग खिडकीशी जातात. मुनीमजी आधी वैतागले होते. आता म्हणतात, खिडकीवरचं भांडण गेलं.

मागून कोणीतरी विचारलं, मग कामचुकार कसा धरायचा? अहो, अ‍ॅप यायच्या आधी जसा धरत होता तसाच. मुकादमाचे डोळे शाबूत आहेत. अ‍ॅपला फक्त वेळ विचारा.

एक टॅब्लेट मी सोबत आणला आहे, समोरच्या टेबलावर ठेवतो. सेटिंगचं पान उघडं आहे, सगळी बटणं बंद करून ठेवली आहेत. ज्याला आपल्या जिनिंगचं, मिलचं भरून पाहायचं आहे त्यानं पुढं यावं. मस्टर गाडीत असेल तर घेऊनच या.